लिलावाच्या आवाजात स्तोत्र

६ सप्टेंबर, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिचं ऑपरेशन पुढे ढकललं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे, पण रक्तदाब इतका चढलेला की डॉक्टर म्हणाले, "या दाबावर मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी यांना नीट झोप लागू द्या. आणि फार लांबवूही नका, नाहीतर पुढे काम कठीण होऊन बसेल." म्हणजे घाई करायची, पण निवांतपणे. वर मला हुकूम सोडला, की झोप कशी लागली ते रोज लिहून ठेवा आणि महिनाअखेरीला घेऊन या. म्हणून ही डायरी. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर झोपेपुरतं वाचून दाखवीन, बाकीचं माझं मला.

हिची झोप कुठे गेली ते मला विचारा. लग्न झाल्यापासून बघतोय, ही रोज अंथरुणावर बसून बायबलातलं, म्हणजे आमच्या पवित्र शास्त्रातलं, एक स्तोत्र वाचते, हळू आवाजात, माझ्यासाठी आणि तिच्यासाठी, आणि मग दिवा मालवते. आम्ही लवकर निजणारी माणसं. मला पहाटे फळबाजार गाठायचा असतो, त्यामुळे शेजारचे जेवायला बसतात तेव्हा आमच्याकडे सामसूम झालेली असते. दुसऱ्या वचनाला मी घोरायला लागतो असं ती म्हणते. मी स्वतः ते कधी ऐकलेलं नाही. आता तिला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून वाचन बंद, आणि वाचन बंद म्हणून झोप बंद.

तेव्हा आजपासून वाचायचं मी. आवाज हेच माझं भांडवल आहे. मी बाजारात लिलाव पुकारतो, शेवटच्या रांगेतल्या अर्धवट बहिऱ्या व्यापाऱ्यालाही माझी हाक चुकत नाही. एका स्तोत्राने माझं काय बिघडणार आहे?

९ सप्टेंबर, सोमवार

बिघडलं. सगळ्यात शांत म्हणून मेंढपाळाचं स्तोत्र घेतलं. हिरवं कुरण, संथ पाणी, त्यात काही म्हणून भांडण नाही. मी सुरुवात केली आणि हिने दोन्ही हात कानांवर ठेवले. म्हणाली, "अहो, मेंढरं पळून जातील."

सकाळी आक्का आली. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण, रस्त्याच्या पलीकडे समोरच राहते. दारातूनच म्हणाली, "भाऊजी, काल स्तोत्र छान झालं. आम्ही खिडकी लावून घेतली तरी शेवटपर्यंत ऐकू आलं." मी म्हटलं, चांगल्या गोष्टी कानावर पडलेल्या बऱ्या. तर म्हणते, "हो, पण झोपेत नकोत."

मी विचार केला, दोष घशाचा नाही, सवयीचा आहे. लिलावात ओळ कधी खाली टाकायची नसते. शेवटचा शब्द वर उचलून धरायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं अजून काहीतरी यायचंय, आणि तो बोली वाढवतो. मी प्रत्येक वचन असंच वर उचलून धरतो आणि ही बिचारी अंथरुणावर ताठ बसून पुढच्याची वाट बघते. दाब जसाच्या तसा.

१० सप्टेंबर, मंगळवार

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती लांब राहते, पण उपाय तिच्याकडे तयारच असतात. तिने फोनमध्ये काहीतरी पाठवलं. कोणा गृहस्थाने सगळं शास्त्र वाचून ठेवलंय, आवाज म्हणजे नुसतं लोणी. रात्री उशीजवळ लावलं. हिने अगदी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण त्याला आपल्या घरातलं काही माहीत नाही." आणि जागीच राहिली.

मला मात्र उत्तम झोप लागली. हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

चर्चच्या पाळकांना विचारलं, झोप येण्यासाठी नेमकं काय वाचावं. ते म्हणाले, "जे वाचताना तुम्हाला स्वतःला बरं वाटतं ते वाचा." मला गोफणीने राक्षसासारख्या योद्ध्याला आडवा केल्याची गोष्ट वाचताना फार बरं वाटतं. ती वाचली. दगड कपाळावर बसला तेव्हा ही उठून बसली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "थांबू नका, पुढे वाचा." ही गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, तरीही.

मग मी डोकं लढवलं. शास्त्रातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? वंशावळी. कोण कोणाचा बाप, कोण कोणाचा मुलगा, पानंच्या पानं. काल तेच काढलं. पण नावं समोर आली की मला राहवत नाही. बाजारात रोज व्यापाऱ्यांना नावाने हाका मारतो ना, प्रत्येकाची हाक वेगळी, कोणाला लाडाने, कोणाला दटावून. तसंच त्या जुन्या लोकांचं झालं. एक आजोबा तर मी असे पुकारले की जणू मागच्या रांगेत उभे राहून बोली लावायला लाजतायत. हिला हसू आवरेना. उशीत तोंड खुपसून हसली, मग मीही हसलो, आणि दिवा विझवायला आमच्या नेहमीच्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला.

आज सकाळी दाब मोजला तर कालच्यापेक्षा वर. हसण्याने दाब चढतो का, हे डॉक्टरांना विचारायचंय. मला आता काळजी वाटायला लागली आहे. दिवस जातायत आणि तिचा उजवा डोळा आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं सांगतो.

१५ सप्टेंबर, रविवार

आज उलगडा झाला आणि तो तिनेच केला. ही शिवणकाम करते. दिसत नाही तरी हाताच्या अंदाजाने मशीन चालवते, फक्त सुईत दोरा मी ओवून देतो. दुपारी ओवत होतो तर म्हणाली, "बघा, आत्ता तुम्ही कसे वाकून, गप्प, श्वास धरून बसलाय. तसं वाचा ना. आणि रात्री तुम्ही उभे का राहता?"

मी उभा राहून वाचत होतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लिलाव पुकारायचा तर स्टुलावर उभंच राहावं लागतं. हातात काही घेऊन चारचौघांना ऐकवायचं म्हटलं की माझे पाय आपोआप उभे राहतात.

ती म्हणाली, "बसा. समोर बाजार नाही, मी आहे."

बसलो. पुस्तक मांडीवर घेतलं, मान खाली घातली आणि नुसतं तिला ऐकू जाईल एवढंच वाचलं. माझा असाही आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या वचनाला तिचा श्वास संथ झाला. हाक मारून बघितली, उत्तर नाही. झोपली! हे उद्गारचिन्ह डॉक्टरांसाठी आहे.

ती झोपली आणि मलाच झोप येईना. माझी जुनी खोड आहे, मनात साठलं की ओठ हलायला लागतात. दिवा मालवून अंधारात देवाशी बोलत बसलो. प्रार्थना म्हणावी तर तिला ना शेंडा ना बुडखा. म्हटलं, देवा, ही दवाखान्यात गेली की माझं कसं होणार? मला चहापलीकडे काही करता येत नाही. तिच्या डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा तिला मी काय खाऊ घालू? बोलून झाल्यावर मोकळं वाटलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

गंमत अशी, की सोमवारी मी बाजारातून आलो तर ही स्वयंपाकघरात माझी वाट बघत उभी. म्हणाली, "आज भात तुम्ही करायचा." म्हटलं, मला का? म्हणाली, "असंच. करून बघा." पाणी किती, हे बोटाच्या पेराने मोजायचं तिने शिकवलं. पहिल्या दिवशी भाताचा लगदा झाला, दुसऱ्या दिवशी तळाला करपला, आज जमला. उद्या अंडी आणि भाजी. काय योगायोग आहे बघा. रविवारी रात्री मी देवापाशी नेमकी हीच रड मांडली होती.

झोपेची नोंद: तिन्ही रात्री चौथ्या-पाचव्या वचनाला झोपली. अगदी निश्चल. दाब किंचित उतरलाय, पण डॉक्टरांना हवा तेवढा नाही. हे मला कळत नाही. इतकं गाढ झोपूनही दाब का उतरू नये?

मी रोज वाचून झालं की थोडा वेळ बोलतो. काल तिची कागदपत्रं, किल्ल्या आणि गोळ्या कुठे असतात ते मला ठाऊक नाही असं म्हणालो. आज तिने सगळी कपाटं उघडून मला फिरवलं, हात लावून लावून दाखवलं. कामाचा झपाटा आलाय तिला.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज बाजारात माझी पार शोभा झाली. नवीन मालाचा मोठा ढीग, व्यापारी जमलेले, मी स्टुलावर. तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो अंथरुणावरचा. खाली उतरणारा, हळू, प्रत्येक ओळ अलगद टेकवणारा. हमाल पोत्यांवर टेकले. टोपीवाला व्यापारी, जो एरवी माझ्याशी भावावरून हातघाईवर येतो, तो जांभई देऊन मोठ्या समाधानाने बोली लावत होता. कोणी कोणाचं बोलणं तोडत नव्हतं. मी म्हटलं, "एक वार… दोन वार…" आणि तिसऱ्या वाराच्या जागी माझ्या तोंडून निघालं, "आमेन."

टोपीवाल्याने टोपी काढली. मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं, मग सगळेच म्हणाले, हमालसुद्धा. गाळ्याचे मालक गडबडीने बाहेर आले आणि विचारायला लागले, "कोण गेलं?"

टोपीवाला म्हणाला, "कोणी गेलं नाही. माल मला गेला. आता आमेननंतर कोण बोली लावणार?" भाव चांगला आला होता म्हणून मालक फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोमवारपासून तुमचा नेहमीचा आवाज घेऊन या."

घरी मी यातला चकार शब्द बोललो नाही. लाज वाटली. रात्री मात्र देवाला सांगितलं, की इकडचा आवाज तिकडे आणि तिकडचा इकडे व्हायला लागला तर उद्या मालक माझ्या जागी भोंगा बसवतील, आणि मग मी करू काय?

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चहून येताना ही म्हणाली, "उद्यापासून बाजारात पाऊल टाकण्याआधी वाटेत पुलाखाली थांबून दोनचार हाका मारत जा. घसा मोकळा होईल. घरी यायच्या आधी पाणी प्या आणि गप्प बसा. दोन्ही आवाज आपापल्या घरी राहतील."

मी थक्क झालो. हिला बाजारातलं कसं कळलं? आक्काचं काम असणार. आक्काने बाजारात खबरी ठेवलाय अशी माझी खात्री आहे. विचारलं तर आक्का म्हणते, "मला काय माहीत? मी तर स्तोत्रही ऐकत नाही हल्ली, तुम्ही फारच हळू वाचता." तिच्या बोलण्यात थोडी तक्रार होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पुलाखालच्या हाका लागू पडल्या. आवाज जागेवर आलाय. टोपीवाला आज परत माझ्याशी भांडला, बरं वाटलं.

काल रात्री मात्र मनात तळाला बसलेलं होतं ते वर आलं. ऑपरेशन झालंच नाही तर? किंवा झालं आणि दिसलंच नाही तर? देवाला म्हटलं, माझं तोंड काही फार बघण्यासारखं नाही, पण तिच्या सवयीचं आहे. ते तिला परत दिसणार नसेल तर मला कसंतरीच होईल. मी या घरात न बघितलेला माणूस होऊन बसेन. आणि हे बोलताना माझा आवाज फुटला. नशीब, ती जागी झाली नाही. फक्त कुशीवर वळली आणि तिचा हात माझ्या हातावर पडला.

आज चहा पिताना तिने अचानक माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. सावकाश, कापडाचा पोत बघते तसा. म्हणाली, "डाव्या भुवईत एक केस उलटा येतो तुमच्या. हनुवटीवर दाढी करताना नेहमी तीच जागा राहते. हे मला बघावं लागत नाही. दिसलं तर आनंदच आहे, पण नाही दिसलं तरी तुमचं तोंड माझ्यापाशी आहे."

मी काही विचारलंच नव्हतं. मी उठून कप विसळायला घेतले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

एक नवलाची नोंद. काल संकटातून सुटका झालेल्या माणसाचं एक स्तोत्र वाचलं, दिवा मालवला, आणि नेहमीप्रमाणे बोलायला तोंड उघडलं तर सांगण्यासारखं काही आठवेचना. भात येतो. किल्ल्या ठाऊक आहेत. आवाज जागेवर आहे. भीती होती ती सांगून झाली. शेवटी म्हटलं, "देवा, बाकी ठीक आहे," आणि गप्प बसलो.

थोड्या वेळाने ही घोरायला लागली. चांगली दणदणीत. इतके दिवस ती गाढ झोपायची पण हूं की चूं नाही, आणि काल एकदम असा लिलाव. माझ्या वाचनाचा असर हळूहळू चढत असावा, औषधासारखा. आज सकाळी दाब मोजला तर मला वाटलं यंत्र बिघडलं. परत मोजला. तेवढाच. खाली, डॉक्टरांना हवा तिथे.

३० सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी स्वतः मोजला आणि म्हणाले, "हे कसं केलंत?" मी खाली मान घालून म्हटलं, "बसून वाचतो." ही माझ्याकडे तोंड करून हसत होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. डायरी दाखवू का विचारलं तर म्हणाले नको, आकडा बोलतोय. एवढं लिहिलं ते लिहिलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तिला आत नेलं. मी आणि आक्का बाहेर बाकावर. आक्का एरवी माझ्यावर गुरगुरते, आज तिने माझा हात धरून ठेवला होता आणि माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त गार होता. काय करावं सुचेना म्हणून मेंढपाळाचं स्तोत्र तोंडपाठ म्हणायला लागलो. आक्काही म्हणायला लागली. वाकून म्हणत होतो, पण मध्येच दाराकडे नजर गेली, धीर सुटला आणि आवाज चढला असावा.

दार किलकिलं झालं आणि परिचारिका डोकावली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "बाबा, आतपर्यंत येतंय. तुमच्या मंडळींनी निरोप दिलाय, मेंढरं पळतील म्हणावं." आक्का हसता हसता रडली. मी रडता रडता हसलो. डोळा चांगला झाला असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणि मी त्यांना मिठी मारली. त्यांना ती अपेक्षित नव्हती.

दुपारी भात केला, भाजी केली आणि तिला घासाघासाने भरवलं. मीठ कमी आहे म्हणाली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पट्टी निघून आठवडा होत आला. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "म्हातारे झालात की हो." त्यानंतर घरातली सगळी जळमटं बघितली आणि मला रोज एक कोपरा काढून देते आहे. डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात. तिला आता भीती नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

काल डॉक्टरांनी थोडं थोडं वाचायला परवानगी दिली. रात्री तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "आज मी," म्हणाली. मी आडवा झालो. तिचा तो जुना, हळू आवाज. पण मला सवयीप्रमाणे झोप येईना. इतके दिवस स्वतः वाचल्यामुळे पुढचं वचन कोणतं ते ठाऊक झालंय, आणि ते तिच्या तोंडून कसं निघतं ते ऐकायचं होतं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

तिने पुस्तक मिटलं, दिवा मालवला. मी आता काही बोलणार तेवढ्यात तीच बोलायला लागली, अंधारात, पुटपुटत. माझ्याशी नाही.

म्हणाली, "देवा, यांच्या गुडघ्याकडे बघ. त्या स्टुलावर चढताना दुखतो, पण कोणाला सांगत नाहीत. आजची भाजी छान झाली होती, मी मुद्दाम तसं म्हटलं नाही, नाहीतर ओळीने आठ दिवस तीच करतील." पुढे म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी तुला म्हणत आले, मला यांच्या आधी नेऊ नकोस, हा माणूस एकटा उपाशी मरेल. परवापर्यंत मला त्याचीच धास्ती होती. ते मागणं आता मी मागे घेते. यांचं यांना जमतं. माझी घाई काही नाही, पण आता तुझ्या मनाला येईल तसं."

मग ती झोपली आणि घोरायला लागली.

माझ्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं, पण पुसायला हात हलवला असता तर तिला कळलं असतं. म्हणजे ही रोज बोलते. मी दुसऱ्या वचनाला झोपायचो आणि ही रोज माझ्यासाठी बोलायची, आणि मला त्याचा पत्ता नाही. तिला बिचारीला वाटतं, यांना झोप लागली, कोणी ऐकत नाही. मी तिला कधीच कळू देणार नाही. अशा वेळी माणसाला वाटायला हवं की आपण आणि देव, दोघंच आहोत, नाहीतर मनातलं बाहेर येत नाही. मला याचा अनुभव आहे. बरं झालं, मी बडबडायचो त्या सगळ्या रात्री ती गाढ झोपलेली असायची.